अर्ध्या मीटरचा दोरा

लांजेवारजींच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, दोरा असायचा. चांभार वापरतात तसा मेण लावलेला जाड पांढरा दोरा, बोटावर गुंडाळून ठेवलेला, आणि त्याला बरोबर अर्ध्या मीटरवर एक गाठ. माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी, दुपारच्या सुट्टीत, मी डबा उघडणार तोच त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. भोवती दोरा फिरवला, पट्टीवर ठेवून मोजला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, "तीनशे एकोणचाळीस घेर. म्हंजे व्यास एकशे आठ. पोरी, तुहा डबा रशियन हाये, चार इंची. आता भाजी कोणती हाये ते सांग."

मी तेव्हा तेवीस वर्षांची. इंजिनिअरिंगची पदवी ताजी, नाकावर माशी बसू देत नव्हते. वडील दुर्गला कोर्टात कारकून, घरात पहिली इंजिनिअर मीच, त्यामुळे डोकं आधीच थोडं फिरलेलं. हा कोण वेडा माणूस आपल्या डब्याला दोरा लावतोय, असंच मला वाटलं. मी डबा ओढून घेतला आणि भाजी सांगितली नाही. ते रागावले नाहीत. "नको सांगू बापा, वासावरून वांगे हाये," म्हणाले आणि आपल्या ड्रॉइंग बोर्डाकडे गेले.

ही गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची, मध्य प्रदेश अजून एकसंध होता तेव्हाची. आमचं ऑफिस भिलाईत होतं; कारखान्यांच्या पाइपलाइनींची ड्रॉइंग काढून देणारी छोटी खासगी कंपनी. लांजेवारजी तिथले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन. मूळचे साकोलीकडचे. एकोणिसाव्या वर्षी कामाच्या शोधात भिलाईला आले, आधी ठेकेदाराकडे पाइप चढवले, मग कुणीतरी हातात पेन्सिल दिली. वय पंचावन्न, निवृत्तीला तीन वर्षं बाकी, कॅम्प-१ या वस्तीत दोन खोल्या, मूलबाळ नाही. आणि दमा. दहा पायऱ्या चढले की छातीत शिटी वाजायची. त्यावरही त्यांचं उत्तर तयार असायचं, "लाइनीत हवा अडकली हाये. व्हेंट ठेवाले विसरला भगवान."

दोऱ्याचं प्रकरण मला पुढे कळलं. भिलाईचा पोलाद कारखानाच रशियनांच्या मदतीने उभा राहिलेला, त्यामुळे इथे रशियन म्हटलं की कुणाला नवल वाटत नाही, पण पाइपाचं जरा सांगायला हवं. रशियन मापाचा सहा इंची पाइप बाहेरून एकशे एकोणसाठ मिलिमीटर असतो, आणि आपल्याकडे मिळणारा सहा इंची एकशे अडुसष्ट. दोघांनाही सहा इंचीच म्हणतात. एकशे एकोणसाठच्या पाइपाभोवती दोरा फिरवला की बरोबर अर्धा मीटर लागतो, म्हणून ती गाठ. गाठ टोकाला भिडली तर पाइप रशियन. दोरा कमी पडला तर आपला. लांजेवारजींना कागद लागत नसे, पट्टी लागत नसे. डोळे बांधून सोडलं असतं तरी त्यांनी कारखाना चाचपून सांगितला असता. "नाव सारखं असलं म्हणून सोयरिक होत नाही," ते म्हणत, "अंग पाहा लागते."

मी आले त्याच सुमारास ऑफिसात काचेची केबिन झाली. एसी लावला, गालिचा टाकला, चपला बाहेर काढायची पाटी लागली आणि आत कारखान्याचं डिझाइन करणारं सॉफ्टवेअर घातलेले दोन कंप्युटर आले. चीफ साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की वर्षभरात बोर्ड जाणार. जे कामाचे ते केबिनमध्ये 'चेकर', म्हणजे ड्रॉइंग तपासणारे, होतील. बाकीच्यांची सोय प्रिंट रूममध्ये. प्रिंट रूम म्हणजे अमोनियावर ड्रॉइंगच्या निळ्या प्रती काढायची खोली. एक खिडकी, तीही अर्धी. धडधाकट माणसाचे डोळे तिथे पाच मिनिटांत पाझरायला लागत. बाहेर आल्यावर लांजेवारजींनी नुसता छातीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून हसले. मला त्या हसण्याचा अर्थ कळला होता. तो माणूस त्या खोलीत गेला तर टिकणार नाही, हे ऑफिसातल्या शिपायालासुद्धा माहीत होतं.

केबिनमध्ये मी बसत होते. माझं काम स्पेक तयार करण्याचं. स्पेक म्हणजे यादी: अमुक लाइनीत कोणता पाइप, किती जाडीचा, त्याला वळणावर कोणती एल्बो, जोडावर कोणता फ्लँज, म्हणजे बोल्टांची चकती, कोणता व्हॉल्व. यादीत जे नाही ते कंप्युटर ड्रॉइंगमध्ये घेऊच देत नाही. मी हे लांजेवारजींना मोठ्या ऐटीत समजावलं. ते गालिच्यावर मोजे घालून उभे होते, मोज्यातून अंगठा बाहेर. म्हणाले, "म्हंजे हे रेशन कारड झालं. नाव नसंन त साखर नाही. पण कारडावर खोटं नाव चढलं त?"

"तसं होत नाही, काका," मी म्हणाले.

"होते. कागदावर पाइप कधी गळत नाही, तिथंच माणूस फसते."

तेव्हा आमच्याकडे औद्योगिक वसाहतीतल्या एका जुन्या डांबर कारखान्याचं काम आलं. त्याच्या मालकाने पहिला भाग लिलावातल्या रशियन पाइपांवर उभारला होता आणि नंतरचे भाग बाजारातल्या पाइपांवर. कुठली लाइन कोणत्या मापाची, याचं ड्रॉइंग त्यांच्याकडेही नव्हतं. आता नवी लाइन जुनीला जोडायची होती. सॉफ्टवेअरमध्ये रशियन मापांची तयार यादीच नव्हती. ती हाताने, एकेक वस्तू भरून, नव्याने बनवायची होती. आणि सगळ्या भिलाईत ती माहिती एकाच ठिकाणी होती, लांजेवारजींच्या तेलकट डायरीत. त्यांनी कैक रविवार त्या कारखान्यात, जिथे जिथे पाइपावरचं आवरण गळालं होतं तिथे दोरा घालून, एकेक लाइन मोजून ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं. "मले झोप येत नव्हती रविवारी," एवढंच कारण.

चीफ साहेबांनी डायरी मागितली. शेजारच्या बोर्डावरचा साहू, छत्तीसगढी माणूस, लांजेवारजींचा वीस वर्षांचा दोस्त, त्यांना माझ्यादेखत बजावून गेला, "डायरी झन देबे भैया. डायरी गिस, त तहूँ गए." देऊ नकोस, डायरी गेली की तूही गेलास. लांजेवारजींनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी डायरी माझ्या टेबलावर ठेवली.

"साहेबानं चेकरचा शब्द देल्ला हाये," ते म्हणाले. "अन् तू हायेस. सांभाळून भरजो."

अन् तू हायेस. ते तीन शब्द मी आजही विसरू शकत नाही, आणि विसरावेत असंही मला वाटत नाही.

तीन आठवडे आम्ही शेजारी बसून काम केलं. ते डायरीतून वाचत, मी मापांचा कच्चा तक्ता भरत जाई. मधेच दोरा काढून केबिनमधला चहाचा थर्मास मोजत आणि "इंडियन" म्हणून तुच्छतेने परत ठेवत. मी हसत असे. मला तो माणूस आवडायला लागला होता, हे उघड सांगते. घरी आईशी त्यांच्यासारखं बोलायला लागले तेव्हा ती म्हणाली, "काय गं, साकोलीला दिली का काय तुले?"

शेवटच्या शुक्रवारी चीफ साहेबांना यादी हवी होती. मी घाईत एक सोपी वाट काढली. आपल्या मापांच्या तयार स्पेकची नक्कल केली, तिला नवं नाव दिलं आणि त्यातल्या पाइपांची मापं रशियन करून टाकली. एल्बो आणि फ्लँज एकेक करून बदलायचे होते, ते सोमवारवर ढकलले. कंप्युटरने हूं की चूं केलं नाही, कारण तो फक्त नाव बघतो. सहा इंची पाइपाला सहा इंची एल्बो म्हटल्यावर त्याचं समाधान झालं. छापून आलेल्या यादीतही बाहेरचं माप नव्हतंच, नुसते इंच. लांजेवारजी सहीसाठी खाली वाकले, पेन माझ्याकडूनच घेतलं, आणि थांबले.

"यात घेर नाही दिसून राहिला. सगळं बदललं ना पोरी? एल्बो, फ्लँज, सगळं?"

"हो काका, सगळं."

त्यांनी 'तपासले' या रकान्यात सही केली. सोमवारी दुसरंच काम अंगावर आलं आणि मी विसरले. साफ विसरले. खोटं बोलले होते तेसुद्धा विसरले, आता बोला.

दोन महिन्यांनी डांबर कारखाना तीन दिवस बंद ठेवून लाइन जोडायला घेतली. पहिल्याच दुपारी फोन आला आणि आम्ही तिघे, चीफ साहेब, लांजेवारजी आणि मी, जीपने गेलो. नव्या एल्बो जुन्या पाइपाच्या तोंडाशी धरून वेल्डर उभे होते. काठाला काठ लागत नव्हता. एल्बो चहूबाजूंनी बाहेर फुगलेली. कारखान्याचा मॅनेजर ओरडत होता. लांजेवारजींनी खिशातून दोरा काढला. जुन्या पाइपाभोवती फिरवला, गाठ टोकाला भिडली. मग एल्बोच्या तोंडाभोवती फिरवला. दोरा दोन बोटं कमी पडला.

त्यांनी वर पाहिलं, ते थेट माझ्याकडे. डायरी बरोबर होती आणि यादी चुकली होती, हे त्या क्षणी जगात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. मी मान खाली घातली. माझा प्रोबेशनचा शेवटचा महिना होता.

"लांजेवारजी," चीफ साहेब म्हणाले, "आपकी डायरी का भरोसा किया हमने. गलती डायरी में है या एंट्री में?"

ते थांबले. किती वेळ थांबले ते मला सांगता येणार नाही. वेल्डरने विडी पेटवली आणि ती अर्धी झाली इतकं आठवतं. मी बोलावं म्हणून ते थांबले होते. मी बोलले नाही.

"सही मेरी है साहब," ते म्हणाले आणि दोरा गुंडाळून खिशात ठेवला.

आणि वर तो माणूस तिथेच कामाला लागला! मालकाच्या भंगारातून जुन्या पाइपाचे तुकडे शोधले, वर्तमानपत्राचे कागद पाइपाभोवती गुंडाळून कापाचे साचे काढले आणि खुर्सीपारच्या एका वर्कशॉपमधून तिरपे काप जोडून बेंड करवून आणले. फ्लँज जुनेच वापरले. तिसऱ्या संध्याकाळी लाइन सुरू झाली. धापा टाकत जीपमध्ये बसले तेव्हा मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी घेतली, माझ्याकडे न बघता.

पुढच्या सोमवारी त्यांना प्रिंट रूममध्ये पाठवलं. त्याच आठवड्यात मी गुपचूप स्पेक उघडला आणि एल्बो दुरुस्त केल्या. महिनाभराने माझी नोकरी पक्की झाली. मी ऑफिसभर पेढे वाटले. प्रिंट रूमच्या दारातून आत गेले तेव्हा अमोनियाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बरं झालं आलं, कारण तसंही येणारच होतं. त्यांनी तोंडावर गमछा बांधला होता. तो खाली करून पेढा घेतला, खाल्ला, आणि म्हणाले, "बेस झालं. घरचे खूश असतीन." मग खोकल्याची उबळ आली आणि मी पळाले. हो, पळालेच. त्याला दुसरा शब्द नाही.

आठ महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. खुर्सीपारच्या त्या वर्कशॉपमध्ये ते साचे काढून देतात असं साहूकडून कळलं. साहू माझ्याशी एरवी बोलत नसे.

आणखी सहा महिने गेले. एका सकाळी मी चीफ साहेबांच्या खोलीत जाऊन उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. ते फाइलीतून डोकं वर न काढता म्हणाले, "हमको उसी दिन समझ में आ गया था. प्रिंट रूम में किसी न किसी को तो भेजना था. फाइल बंद है, आप भी बंद कीजिए." आभाळ जागच्या जागी राहिलं. मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्याहून जास्त माझा आला. आम्ही दोघं एकाच माळेचे मणी होतो.

त्या रविवारी मी कॅम्प-१ ला गेले. लांजेवारजी अंगणात खाटेवर उशीला टेकून बसले होते. निम्मे झाले होते. लांजेवारकाकूंनी चहा दिला, मुर्ऱ्याची, म्हणजे चुरमुऱ्यांची, वाटी पुढे केली. त्या आत गेल्यावर मी रडत रडत बोलले: शुक्रवार, सोमवार, माझं 'हो', चीफ साहेब, सगळं.

"मले मालूम होतं," शेवटी म्हणाले. "दोरा खोटं नाही बोलत."

"मग तुम्ही कावून नाही बोलले काका?" माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"मी सांगितलं असतं, त तू गेली असती. अन् सही माहीच होती. जो सही करते तो जामीन राह्यते. मी तपासाले पाह्यजे होतं, मी नुसतं तुले पुसून राहिलो." थोडा श्वास घेतला. "पण तू सांगशीन म्हणून वाट पाह्यली मी. त्या दिवशी पाह्यली, मंग पेढे घेऊन आली तवाही पाह्यली. वाईट वाटलं. खोटं कावून बोलू?"

मी पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले.

"थांब. स्पेक दुरुस्त केला का?"

"केला. त्याच आठवड्यात."

"एल्बो?"

"हो."

"टी? रिड्यूसर?"

"तेही केलं."

"फ्लँज?"

फ्लँज मी पाहिलाच नव्हता. त्या वेळी जुने फ्लँज वापरले म्हणून ती चूक कधी वर आलीच नव्हती. स्पेकमध्ये फ्लँज अजून आपल्या मापाचाच होता, एकशे एकोणसाठच्या पाइपाला एकशे सत्तरचं भोक. सैल. आणि त्यातून जाणार उकळतं डांबर.

लांजेवारजी खाटेवर सरळ उठून बसले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला. "माफी मागाले आली अन् फ्लँज तसाच ठेवून आली? अवं, माह्या दम्याचं सोड. त्या फ्लँजखाली कोणी माणूस उभा असंन! जाय. पयले तो सुधार, यादी छापून आण, घेर हातानं लिहून आण. मंग माफीचं पाहू."

त्यांना खोकला लागला तो थांबेना. काकू धावत आल्या आणि मला डोळ्यांनीच जा म्हणाल्या.

सोमवारी सकाळी साडेआठला मी केबिन उघडली. तो फ्लँज तोवर तीन नव्या ड्रॉइंगमध्ये गेला होता आणि एकाची ऑर्डर निघायच्या बेतात होती. ती थांबवली. स्पेकमधली प्रत्येक ओळ उघडून पाहिली, यादी छापली आणि प्रत्येक वस्तूसमोर पेनने घेर लिहिला. हे सगळं दोन दिवसांत झालं. पण कॅम्प-१ ला जायला मला अठरा दिवस लागले. आज काम आहे, उद्या पाऊस आहे, परवा बस चुकली. खरं कारण एकच, त्यांच्या डोळ्यांना डोळा द्यायची हिंमत होत नव्हती.

अंगणात खाट उभी करून ठेवलेली होती. काकू दारात बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पदर सावरला आणि सांगितलं, शुक्रवारी पहाटे गेले. दवाखान्यात न्यायला रिक्षा आणली तोवरच संपलं होतं. मी पायरीवर बसले. हातातली यादी घामाने ओली झाली होती.

"तुमची वाट पाह्यत होते," काकू म्हणाल्या. "रोज म्हणत, पोट्टी कागद घेऊन येईन. मले सांगून ठेवलं होतं, मी नसलो त तू इचारजो." त्या जरा थांबल्या, पाठ केलेलं आठवावं तशा. "सगळं बदललं ना पोरी? एल्बो, फ्लँज, सगळं?"

काकूंना वाचता येत नव्हतं. मी काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी ते मानलं असतं. मी यादी मांडीवर उलगडली आणि वरपासून खालपर्यंत, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून, परत एकदा वाचली. शेवटची ओळ झाल्यावर मी मान वर केली आणि म्हणाले, "हो."